आमची वाटचाल : शेततळं, कागद आणि शिडी

सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा आणि पलीकडचा नगरचा कर्जत हा आमचा पट्टा. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद घालायचा आणि भोवतीनं जाळीचं कुंपण करायचं, हे आमचं काम. आधी आमचं ठिबक आणि पाइपचं दुकान होतं. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि दुकानात येणारा प्रत्येक जण कागदाचा भाव विचारायला लागला. धाकट्या भावानं जोड मारायचं मशीन घेतलं, गावातलीच पोरं शिकवून तयार केली, आणि दुकानाची फर्म झाली.

शेततळं आमच्या भागाला हवंच, हे मी आधीच सांगतो. मुरमाड जमीन, पाऊस बेभरवशाचा. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोलीचं तळं म्हणजे 2196 घनमीटर पाणी, जवळजवळ 22 लाख लिटर. तेवढ्यावर एप्रिल-मेमध्ये डाळिंबाची बाग तगते. मात्र पावसाळ्यातलं ओढ्याचं, विहिरीचं जादा पाणी साठवायला तळं असावं. बोअर उपसून भरायचं असेल तर आम्ही तोंडावर सांगतो, की उन्हात वाफ होऊन जाणारं पाणी जमिनीखालीच बरं होतं. काहींना राग येतो, पण सांगणं आमचं कामच आहे.

आता माळाबद्दल. शेतकरी तळ्यासाठी सुपीक तुकडा देत नाही, देऊही नये. तळं जातं माळाच्या कडेला, जिथं कुसळी आणि पवन्या गवताशिवाय काही येत नाही. सात-बारावर ही जमीन ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला न येणारी, पण काळवीट, लांडगा, खोकड, तरस, ससा सगळे त्याच जमिनीवर जगतात. मेंढपाळांचे कळपही तिथंच चरतात. उन्हाळ्यात ओढे आटले की या सगळ्यांना पाण्याचा वास तळ्यावर आणतो. 500 मायक्रॉनचा ओला कागद भयंकर निसरडा असतो. त्यावर खूर टिकत नाही आणि नखांनाही पकड मिळत नाही. पाणी खाली गेलेलं असतं तेव्हा उघडा पडलेला उतार सर्वांत लांब असतो, आणि जनावर नेमकं तेव्हाच येतं. पडलेलं जनावर काठाकाठानं पोहत फेऱ्या मारतं आणि दमून बुडतं. तहानेनं आलेल्या जिवाचं असं मरण मला बघवत नाही. शेततळ्यात लहान मुलं बुडाल्याच्या बातम्याही दर उन्हाळ्यात येतात.

म्हणून आम्ही शिडी बसवायला लागलो. कागदाचे उरलेले तुकडे दुहेरी करून काठापासून तळापर्यंत अंथरायचे, म्हणजे मूळ कागदाला ओरखडा जात नाही. त्यावर जाड नायलॉन दोरीची जाळी टाकायची आणि वीतभर अंतरानं जुन्या टायरच्या पट्ट्या आडव्या बांधायच्या. वरचं टोक कागद पुरतो त्याच चरात पुरायचं, खालच्या टोकाला वाळूचं पोतं. काथ्या स्वस्त पडतो, पण पाण्यात कुजतो. तार तर अजिबात वापरायची नाही. शिडी चारही बाजूंना हवी, कारण थकलेल्या जनावराला समोरचा काठ गाठता येत नाही. कुंपणाची जाळी वीतभर जमिनीत गाडायची, नाहीतर खोकड उकरून आत येतं. आणि कुंपणाबाहेर खरबरीत सिमेंटचा उथळ पाणवठा करायचा. जनावराला बाहेर पाणी मिळालं तर ते आत कशाला येईल?

साडेअकराशे चौरस मीटर कागदाच्या खर्चापुढं हा खर्च किरकोळ आहे. त्यामुळे आम्ही शिडी कोटेशनमध्ये वेगळी दाखवतच नाही. वेगळी दाखवली की पहिली कात्री तिलाच लागते. एका गावातल्या तात्यांनी विचारलं, “कोल्ह्या-कुत्र्यासाठी शिडी? मग माणसाला काय लिफ्ट बसवणार का?” मी म्हटलं, “तात्या, कुत्रं आत पडलं की बाहेर यायला जिथं तिथं नखं मारतं. कागद तुमचा फाटतो.” तात्यांनी चारही बाजूंना शिड्या लावून घेतल्या आणि पाणवठा पुतण्याकडून स्वतःच बांधून घेतला.

आमच्याकडं वन्यजीव म्हटलं की लोक आधी सावध होतात, आणि त्याला कारण आहे. 1979 मध्ये माळढोक अभयारण्य झालं तेव्हा सोलापूर-नगरचा सुमारे 8,496 चौरस किलोमीटर मुलूख त्यात आला, वस्त्या-शेतांसकट. जमिनीचे व्यवहार अडकले आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढं क्षेत्र कमी करून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, पण माळढोक काही वाढला नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरही आता तो दिसेनासा झालाय. माझं स्पष्ट मत आहे की शेतकऱ्याचं काम अडवून माळ राखता येणार नाही. त्याच्या कामातच माळाची सोय बसवायला हवी.

त्यासाठी पोकलेन लावण्याआधी आम्ही मेंढपाळांना विचारतो. लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यात होतात. कुठल्या ओघळीत त्यांची बिळं आहेत हे मेंढपाळांना अचूक माहीत असतं, जरी तेच लांडगे त्यांची कोकरं नेत असले तरी. तशी जागा निघाली तर तळं शे-दोनशे मीटर सरकवतो किंवा खुदाई उन्हाळ्यावर ढकलतो. मालकाचं त्यात काही बिघडत नाही.

सध्या सौर प्रकल्पांच्या कुंपणाची कामं येताहेत. दिवसा वीज मिळाली तर रात्री विंचूकाट्यात पिकाच्या पाण्याची दारं धरायला जावं लागणार नाही, म्हणून ही कामं मी आनंदानं घेतो. पण आखणीला आम्ही स्वतः जातो आणि ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा कुंपणाबाहेर ठेवा, असा आग्रह धरतो. अखंड जाळी पडली की काळविटांचा कळप रस्त्यावर येतो आणि मेंढरांची वाटही बंद होते. कधी ऐकलं जातं, कधी नाही. जिथं वाट ठेवायला साफ नकार मिळाला, ते काम आम्ही सोडलं.

यंदापासून जुन्या तळ्यांनाही शिड्या बसवून देतोय, मग कागद कुणीही घातलेला असो. त्यासाठी तळं रिकामं करावं लागत नाही. काठाची उंची आणि उताराची लांबी फोनवर कळवली तरी शिडी तयार करून आणतो, आणि निम्म्या दिवसात चारही बाजूंचं काम उरकतं.