केलेवेले आणि न पिकणारी केळी

केलेवेले, म्हणजे घानात मिळणाऱ्या तळलेल्या केळ्याच्या मसालेदार फोडी, करायला जेमतेम अर्धा तास लागतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे बरेचसे लिखाण त्या अर्ध्या तासाआधीच्या नऊ दिवसांविषयी आहे आणि त्या नऊ दिवसांचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही घानाच्या राजधानीत, आक्रामध्ये, राहतो. इथल्या ओसू भागात अंधार पडला की रस्त्याच्या कडेला कढया चढतात आणि पिकलेल्या प्लँटेनच्या, म्हणजे आपल्या भाजीच्या केळ्याच्या जाडजूड भावंडाच्या, फोडी आले, मिरची आणि मीठ चोळून तळल्या जातात. भाजलेल्या शेंगदाण्यांसह वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली ती पुडी हातात घेतली की बोटांना तेल लागते, पहिला घास गोड लागतो आणि तो गिळल्यावर आल्याचा चटका घशात उतरतो. हे घरी करायचे असे मी ठरवले, तेव्हा अडचण आली तर ती मसाल्यात येईल अशी माझी समजूत होती.

मादिनाच्या बाजारात केळी विकणाऱ्या आंटींनी (इथे विक्रेतीला आदराने असेच म्हणतात) काळे डाग पडलेली सहा केळी माझ्यापुढे केली. डाग म्हणजे नासके, हे वेलची केळ्यांवर पोसलेले माझे ज्ञान असल्यामुळे मी ती बाजूला सारून स्वच्छ, पिवळी, देठाशी किंचित हिरवी असलेली सहा केळी निवडली. आंटी हसल्या, त्या का हसल्या हे विचारण्याचे मला सुचले नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांतली दोन कापून तळली, तर फोडी पिठूळ आणि घट्ट निघाल्या, त्यांना गोडीचा पत्ता नव्हता आणि मसाला सगळा कढईच्या तळाशी जाऊन करपला.

उरलेल्या चारांची मी आढी लावली, म्हणजे कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरली. सकाळी दाबून पाहायचे, संध्याकाळी दाबून पाहायचे, असा क्रम सुरू झाला. चौथ्या दिवशी उगाच धास्ती वाटली की चारही एकदम पिकली तर काय करायचे, म्हणून दोन काढून फ्रीजमध्ये ठेवली. सहाव्या दिवशी फ्रीज उघडला तर ती दोन्ही काळीभोर झालेली! मी आनंदाने आले किसायला बसले. साल काही केल्या सुटेना, तेव्हा सुरीने तासून काढावी लागली आणि आत पाहते तर गर पांढुरका, कच्च्या बटाट्यासारखा करकरीत. साधारण बारा अंशांच्या खाली केळ्याची साल थंडीने काळी पडते, पण आतल्या पिठाची साखर होण्याचे काम मात्र थंडावते, हे मला त्यानंतर कळले. अशी केळी बाहेर काढून ठेवली तरी पुढे धड पिकत नाहीत, हेही मी दोन दिवस वाट पाहून शिकले. किसलेले आले चहात संपले.

नवव्या दिवशी डब्यातली दोन केळी तयार झाली. सालीवर पिवळ्यापेक्षा काळा रंग अधिक, दाबल्यावर कानाच्या पाळीइतकी मऊ, साल अलगद सुटणारी आणि गर केशरी छटेचा. आंटींनी पहिल्या दिवशी माझ्यापुढे केलेली केळी नेमकी अशीच होती.

पुढचे सोपे आहे. दोन मोठ्या केळ्यांना, म्हणजे दोघांपुरते, अंगठ्याएवढे आले, पाव कांदा, तीन लवंगा, चिमूटभर जायफळ आणि एक चमचा तिखट पुरते. इथे ह्वेन्तिया नावाची काळी, धुरकट वासाची शेंगही कुटून घालतात. ती मिळाली नाही तरी अडत नाही. तिखटासाठी मी घरून आणलेली लवंगी मिरची वापरली, याचा मला थोडा अभिमान आहे. हे सारे वाटताना पाणी घालू नये आणि वाटणातला कांद्याचा रस पिळून काढावा, नाहीतर तेल उडते. केळे उभे चिरून त्याच्या तिरक्या, सुमारे दोन सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. आच मध्यम हवी: तेल फार तापले तर साखर बाहेरून जळते, आणि गार राहिले तर फोडी तेल पितात. एका वेळी मूठभरच फोडी सोडाव्यात आणि पहिली दोन मिनिटे झारा लावू नये, कारण कोवळ्या फोडी लगेच मोडतात. आणि हो, मीठ अगदी तळण्याच्या क्षणी लावावे. मी ते मसाल्यातच मिसळून दहा मिनिटे ठेवले होते आणि फोडींना पाणी सुटले.

केळी याहूनही पिकून लिबलिबीत झाली तर केलेवेलेचा हट्ट सोडावा. तो गर कुस्करून, त्यात पीठ, कांदा, आले आणि मिरची घालून इथे टाताले नावाच्या जाडसर धिरड्या करतात, आणि शेजारच्या आंटींच्या हातच्या त्या धिरड्या मला केलेवेलेइतक्याच आवडतात. शेंगदाणे मात्र मी घरी भाजत नाही. ते अजूनही ओसूच्या रस्त्यावरूनच आणते.