तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉलसाठी इंग्रजी कशाला?

"फुटबॉल पायानं खेळायचा, त्यासाठी इंग्रजी शब्द कशाला पाठ करतेस?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकते.

क्लीन शीट (एकही गोल न खाणं), नटमेग (समोरच्याच्या दोन पायांमधून बॉल काढणं), ब्रेस (एकाच खेळाडूचे दोन गोल) हे शब्द मॅच बघता बघता येतात, ते नाही आले तरी कुणाचं काही अडत नाही. माझी वही आहे ती मैदानात ओरडतात त्या शब्दांची.

ती का ठेवली, ते सांगते. एक मॅच १-१ होती, शेवटची पाचेक मिनिटं. मी मिडफिल्डला, बॉल माझ्याकडे आला तेव्हा माझी पाठ त्यांच्या गोलकडे. समोरून आमची डिफेंडर ओरडली, "टाइम! टाइम!" मला वाटलं वेळ संपत आलाय, घाई कर असं सांगतेय. मी बॉल थांबवलासुद्धा नाही, न बघता आला तसाच आमच्याच गोलच्या बाजूला ढकलला आणि तो थेट त्यांच्या स्ट्रायकरच्या पायात. तिनं दोन टच घेतले आणि गोल. खरं तर 'टाइम' म्हणजे तुझ्याजवळ कुणी नाहीये, सावकाश घे, वळ. माझ्या मागे दहा-बारा पावलं सगळं मोकळं होतं आणि ती तेच जीव तोडून सांगत होती. उलट मागून कुणी अंगावर येत असेल तर 'मॅन ऑन'. हे दोन शब्द मला आधी कुणी सांगितले असते तर!

त्या दिवशी मी तिलाच बोलले, मराठीत ओरडायला काय झालं होतं तुला? ती रडली. चूक माझी होती, हे मान्य करायला मला बरेच महिने लागले.

आणि तरीही तेव्हाचा माझा प्रश्न अगदीच चुकीचा होता असं आजही वाटत नाही. 'मॅन ऑन'ऐवजी 'मागे!' चालेल की. 'वेळ!' ओरडलं आणि लांबून 'वळ' ऐकू आलं तरी काम होतंच. पण दुसऱ्या टीममध्ये गेलं, नवीन कोच आला, की परत इंग्रजीच. त्यात कमीपणा नाही, इंग्रजीनंसुद्धा उसनं घेतलंय. गोलसमोर सगळी टीम बचावाला उभी करायची याला 'पार्क द बस' म्हणतात, ते २००४ मध्ये पोर्तुगीज कोच मोरिन्यो बोलले तेव्हा इंग्रजीत रुळलं, म्हण मूळ पोर्तुगीजांची.

मग वही ठेवायची की आपले शब्द रुळवायचे? मी सध्या दोन्ही करतेय. पुढच्या मॅचला काय ओरडायचं ते आमच्या टीमचं अजून ठरलेलं नाही.