शेवटची शहात्तर कार्डं: टॉप्स १९६७

शनिवार, रात्री

टॉप्स ही च्युइंगगमसोबत बेसबॉल खेळाडूंची चित्रकार्डं विकणारी अमेरिकन कंपनी. तिचा १९६७चा बेसबॉल सेट ६०९ कार्डांचा. पहिल्या ४५७ कार्डांना पैसे लागतात, डोकं फारसं लागत नाही. ४५८ ते ५३३ या सहाव्या सिरीजमध्ये थोडा दम लागतो आणि ५३४ ते ६०९ या सातव्या सिरीजपाशी घोडं अडतं. हीच ती ७६ ‘हाय नंबर’ कार्डं.

टॉप्स तेव्हा अख्खा सेट एकदम विकत नसे. वसंतात पहिली सिरीज यायची, मग थोड्या थोड्या आठवड्यांनी पुढची. पाच सेंटच्या पॅकमध्ये पाच कार्डं आणि एक च्युइंगगम. सातवी सिरीज दुकानात पोचेपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी संपत आलेली, पोरांच्या डोक्यात फुटबॉल शिरलेला. दुकानदारांनी माल कमी मागवला, म्हणून आज तो कमी सापडतो. खेळाडू मोठा की किरकोळ, याचा त्यात काही संबंध नाही.

नवीन माणूस हमखास इथेच फसतो. तो टॉम सीव्हर या नामांकित खेळाडूच्या रूकी, म्हणजे पदार्पणाच्या काळातल्या कार्डाची (क्रमांक ५८१, त्यावर सोबत बिल डेनेही) धास्ती घेऊन बसतो. सीव्हर महाग आहे, पण कुठल्याही मोठ्या लिलावात तो असतोच. पैसे मोजा आणि घरी आणा. रॉड कॅरूचं ५६९ तर किंमत-याद्यांत ‘डबल प्रिंट’, म्हणजे इतरांपेक्षा जास्त छापलेलं, म्हणून नोंदलेलं आहे. वाट बघायला लावतात ती ज्यांची नावं कुणाला आठवत नाहीत अशा खेळाडूंची कार्डं. ती महाग नसल्यामुळे डिलर ती मांडायचेही कष्ट घेत नाहीत.

रविवार

आज नुसता छपाईचा हिशोब.

टॉप्सच्या एका शीटवर (कार्डं कापण्याआधीच्या मोठ्या छापील कागदावर) ११ कार्डांची एक ओळ, अशा १२ ओळी, म्हणजे १३२ जागा. शेवटच्या सिरीजची ७६ कार्डं आणि सोबत एक चेकलिस्ट (क्रमांकांची यादी छापलेलं कार्ड) धरली तर ७७, म्हणजे बरोबर सात ओळी. १२ ओळींत सात ओळी सारख्या वाटता येत नाहीत. दोन शीटं मिळून २४ ओळी घेतल्या तरी जास्तीत जास्त सारखी वाटणी म्हणजे तीन ओळी चारदा आणि चार ओळी तीनदा. कुणाला झुकतं माप मिळणार हे कात्री लागण्याआधीच ठरलेलं असतं. किंमत-याद्यांतले ‘शॉर्ट प्रिंट’ (कमी छापलेलं) आणि ‘डबल प्रिंट’ हे शिक्के इथून येतात. न कापलेल्या शीटचा फोटो कुठे मिळाला तर जपून ठेवावा. एकाच ओळीतली कार्डं साधारण सारखीच दुर्मीळ असतात, त्यामुळे तो फोटो यादीपेक्षा जास्त बोलतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९५२च्या टॉप्समध्ये आहे. त्या सेटची शेवटची सिरीज ३११ ते ४०७, म्हणजे ९७ कार्डं. शीटवर जागा १००. उरलेल्या तीन जागा भरायला तीन कार्डं दोनदा घेतली: ३११ मिकी मँटल, ३१२ जॅकी रॉबिन्सन, ३१३ बॉबी थॉमसन. म्हणजे ज्या मँटलसाठी २०२२ साली लिलावात १.२६ कोटी डॉलर मोजले गेले, तो आपल्या सिरीजमधल्या बहुतेक शेजाऱ्यांच्या दुप्पट छापलेला आहे! भाव मँटलचा, टंचाई शेजाऱ्यांची.

मंगळवार

खरेदीचा क्रम. आधी एक मोठा अर्धवट लॉट घ्यावा, पहिल्या ४५७ पैकी निदान दोन-तृतीयांश कार्डं असलेला. एकेक कार्ड घेत बसलं तर टपालखर्चच कार्डांच्या वर जातो. लॉटच्या वर्णनात ‘हाय नंबरसह’ असं लिहिलेलं असेल तर कुठले क्रमांक ते विचारून घ्यावेत. बऱ्याचदा त्यात ५३४च्या पुढची दोन-चारच निघतात, तीही मुडपलेली.

त्यानंतर लगेच सातव्या सिरीजची किरकोळ कार्डं. मँटल (क्रमांक १५०), मेज (२००), ॲरन (२५०), क्लेमेंटी (४००) या बड्या खेळाडूंना शेवटी ठेवलं तरी चालतं, ते कुठे पळून जात नाहीत. लोक नेमकं उलटं करतात आणि मग ६०० कार्डांवर वर्षानुवर्षं अडकून बसतात.

यादीत प्रत्येक क्रमांकापुढे तीन गोष्टी हव्यात: किमान कुठली अवस्था चालेल, जास्तीत जास्त किती देणार, आणि हातात आहे पण बदलायचंय का. तिसरा रकाना फार कामाचा. हाय नंबर मधल्या अवस्थेतलं मिळालं की घेऊन टाकावं, चांगलं मिळाल्यावर जुनं विकावं. त्याला गिऱ्हाईक कायम असतं.

बुधवार

अवस्था. १९६७च्या कार्डाला पांढरी किनार आहे, त्यामुळे सेंटरिंग, म्हणजे चित्र किती मधोमध आहे ते, पट्टीनं सरळ मोजता येतं. डावी किनार ३ मिलिमीटर आणि उजवी २ असेल तर ते ६०/४०. आपण ७०/३० पर्यंत चालवून घेणार की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवावं, नाहीतर अल्बमचं एक पान नीट आणि दुसरं तिरपागडं दिसतं.

काही क्रमांक छपाईमुळे कमी नाहीत, वापरामुळे खराब आहेत. क्रमांक १ (फ्रँक आणि ब्रूक्स रॉबिन्सन, सोबत मॅनेजर बाउअर) आणि क्रमांक ६०९ (टॉमी जॉन) गठ्ठ्याच्या दोन टोकांना; रबरबँड काचायचा तो यांनाच. चेकलिस्टचंही तसंच. पोरांनी त्या छापल्या त्या कामासाठीच वापरल्या, चौकटीत पेन्सिलीनं खुणा केल्या. कोरी चेकलिस्ट दिसली की मागची बाजू तिरप्या उजेडात धरावी. खोडलेल्या पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो, आणि ग्रेडिंगवाले (कार्डाची अवस्था तपासून दर्जा देणारे) त्याला फेरफारच मानतात.

पॅकच्या वेष्टनाच्या मेणाचा डाग पुढच्या चकचकीत बाजूवर असेल तर मऊ नायलॉनच्या मोज्यानं हलक्या हातानं पुसला की बहुतेक निघतो. मागच्या खरखरीत बाजूत मेण मुरतं, तिथे घासायला जाऊ नये; तिथली हिरवी शाई फिकट होते. च्युइंगगमचा तपकिरी डाग मात्र कायमचा.

गुरुवार

कातरलेली कार्डं. कोपरे झिजलेले असले की कुणीतरी कडेनं अर्धा मिलिमीटर उडवतो आणि कार्ड एकदम धारदार दिसायला लागतं. माप अडीच बाय साडेतीन इंच. पण कारखान्यातही थोडंफार कमी-जास्त कापलं जायचं, म्हणून नुसत्या पट्टीवर विसंबू नये. त्याच सेटचं साधं, कुणी हात लावला नसेल असं कार्ड शेजारी उभं धरावं. मग दहा पट भिंग घेऊन कड बघावी. जुनी कड जराशी तंतुमय आणि बाकीच्या तीन कडांइतकीच मळकट असते. ताजी कापलेली कड एकटीच स्वच्छ दिसते. दोन टोकांना रुंद आणि मधे किंचित आत गेलेली कड दिसली तर तो हातानं चालवलेल्या पात्याचा पुरावा.

पुनर्मुद्रण ओळखायलाही तेच भिंग. अस्सल कार्डावर नावाची अक्षरं सलग शाईची असतात, ठिपके फक्त फोटोत. स्कॅनवरून छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनलेली दिसतात. तीस सेकंदांचं काम आहे, तरी महागडं कार्ड घेताना लोक ते करत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

शुक्रवार

सेट ‘पूर्ण’ कधी म्हणायचा? १९६७पुरतं ६०९ क्रमांक भरले की झालं. छपाईतल्या चुकांचे आणि फरकांचे प्रकार वेगळे. त्यांच्या मागे लागायचं तर वेगळी यादी करावी, नाहीतर काम कधीच संपत नाही.

गौडी या दुसऱ्या कंपनीच्या १९३३च्या सेटमध्ये हा प्रश्न खराच अवघड आहे. २४० क्रमांक, पण त्या वर्षी १०६ क्रमांकाचं कार्ड छापलंच नाही. पोरं पॅकमागून पॅक घेत राहिली. तक्रारीची पत्रं लिहिणाऱ्यांना कंपनीनं १९३४ साली ते १०६ क्रमांकाचं, नॅप लाजोई या खेळाडूचं कार्ड टपालानं पाठवलं. ते पॅकमध्ये कधी नव्हतंच, आणि म्हणून बहुतेक संग्राहक २३९वर थांबतात. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

साठवणीचं थोडक्यात: नऊ कप्प्यांची पॉलिप्रॉपिलीनची पानं, डी-आकाराच्या कड्यांची फाइल. पीव्हीसीची पानं नकोत, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर पडून कार्डाला चिकटतो. न्यू जर्सीतला तळघराचा कोपरा आणि मुंबईतलं कपाट, दोन्ही दमट. दोन्हीकडे सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक हवाच. काटा ५० टक्क्यांच्या आसपास असावा. पुड्या वेळोवेळी बदलाव्यात, ओल्या झालेल्या पुडीचा काही उपयोग नाही.