देग उचलली की

देगीची, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्याची, पारख ते रिकामं असताना करावी. आत वाकून पाहिलं की कल्हई एकसारखी पांढरी दिसली पाहिजे. पळी रोज खरवडते त्या तळाशी लालसर ठिपका दिसला, तर ते भांडं चुलीवर चढवू नये. त्यात दही, लिंबू, काहीही आंबट पडलं की ते कळकतं, आणि पाच माणसांच्या भांड्याऐवजी पाचशे माणसांची देग कळकली तर गावभर हाहाकार होतो. कल्हई लावायला फार विद्या लागत नाही, हात मात्र बसलेला लागतो. भांडं वाळू-राखेनं घासून लख्ख करायचं, तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ती वितळलेली चांदी गरागरा फिरवायची. भांडं कमी तापलं तर कथलाच्या गोळ्या होतात, जास्त तापलं तर कल्हई पिवळट पडते. दोन्ही वेळा कल्हईवाला दोष नवसागराला देतो.

कल्हई हा मूळचा अरबी शब्द. तुर्कांकडे तोच 'कलाय' झाला आणि कल्हईवाला 'कलायजी'. आपण ज्याला ऑटोमन म्हणतो ते उस्मानी साम्राज्य सुमारे सहाशे वर्षं चाललं. त्याच्या लढायांवर ग्रंथांचे ढीग आहेत, सुलतानांच्या जनानखान्यावर तर त्याहून जास्त. पण ते राज्य चालायचं कसं हे समजून घ्यायचं असेल तर त्या देगीत वाकून पाहावं. कोण कोणाच्या देगीतलं खातो, किती पळ्या खातो आणि कोणाच्या आधी खातो, यावर तिथे माणसाची जागा ठरायची.

आपल्याकडे इमारत म्हणजे चार भिंती आणि छप्पर. तुर्कीत 'इमारेत' म्हणजे अन्नछत्र. शब्द एकच. मशीद, मदरसा, दवाखाना, धर्मशाळा अशा सगळ्या बांधकामाला मिळून आधी इमारेत म्हणत. पुढे लोकांनी ते नाव त्यातल्या नेमक्या मुदपाकखान्याला चिकटवलं, आणि यात लोकांची काही चूक झाली असं वाटत नाही. इस्तंबूल जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमेदनं १४६३ ते १४७० च्या दरम्यान फातिहचं संकुल बांधलं. तिथे प्रवाशाला तीन दिवस जेवूखाऊ घालायची पद्धत होती आणि ख्रिस्ती, ज्यू, तुर्क असा भेद तिथे नाही, असं त्या काळच्या एका ग्रीक वंशाच्या लेखकानं नोंदवून ठेवलं आहे.

जवळून पाहायचं तर जेरुसलेमचं अन्नछत्र पाहावं, कारण त्याचे कागद चांगले टिकले. १५५२ साली ते हुर्रेम सुलताननं काढलं. ही सुलतान सुलेमानची बायको, आजच्या युक्रेनच्या बाजूकडून गुलाम म्हणून आलेली. खर्चासाठी तिनं २६ गावांचं उत्पन्न, पिठाच्या ११ गिरण्या, साबणाचे दोन कारखाने, दोन हमाम आणि काही दुकानं वक्फ करून, म्हणजे धर्मादाय लावून दिली. दिवसातून दोनदा, निदान ५०० माणसांना जेवण. सकाळी तांदळाची चोर्बा, संध्याकाळी बुलगूरची. चोर्बा म्हणजे आपला शोरबाच, फारसीतून एक फाटा पश्चिमेला गेला आणि एक आपल्याकडे. तूप, कांदा, हरभरे, मीठ, मिरी हे नेहमीचं, आणि हंगामाप्रमाणे भोपळा, दही, लिंबू. म्हणजे कल्हई धड हवीच. जुम्याच्या रात्री आणि रमजानात मटण घातलेला भात आणि वर जर्दे, म्हणजे केशर-मधाचा गोड भात.

संध्याकाळी बुलगूर का, तर गहू उकडून, वाळवून, भरडलेला असल्यामुळे तो महिनोन्महिने टिकतो, लवकर शिजतो आणि लाकूड कमी लागतं. आता हिशेब मांडा. पळीत अर्धा लिटर धरला तर ५०० माणसांना एका वेळी २५० लिटर चोर्बा. देग काठोकाठ भरता येत नाही, उकळी येते तेव्हा वर चार बोटं नाही, चांगली वीतभर जागा लागते. त्यामुळे तीनशे लिटरच्या वरची भांडी, किंवा दोन-तीन देगी शेजारी शेजारी. एवढ्या भांड्यात तांदूळ खाली बसतो आणि लागतो. लाकडाचा जाळ बटण फिरवून कमी करता येत नाही, जळतं ओंडकं ओढून बाहेर काढावं लागतं, आणि तेवढ्या वेळात खालचा थर करपतो. करपला तर ढवळायचं नाही. वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं आणि तळ तसाच सोडायचा. घाईनं पळी तळाला लावली की सगळ्या देगीला धुराचा वास लागतो, मग जिरं घाला नाहीतर काहीही घाला.

या कामाला माणसं किती तऱ्हेची असत ते वक्फनाम्यांत वाचताना मजा वाटते. खरेदी करणारा वेकिलहार्च वेगळा, कोठीची किल्ली सांभाळणारा किलारजी वेगळा. गहू कांडणारा, तांदूळ निवडणारा, मटण खांद्यावरून आणणारा, वाडगी धुणारा, प्रत्येकाचं नाव, रोजचे अक्चे, म्हणजे चांदीची नाणी, आणि जेवणाचा वाटा ठरलेला. वाढपावर देखरेख करणाऱ्याला नकीब म्हणत. ओळीत कर्मचारी आधी, मग तिथे खोल्यांत राहणारे, आणि गरीब शेवटी. धर्मार्थ चुलीवर धर्म ज्याच्यासाठी तोच मागे उभा, ही तक्रार फक्त उस्मानी नाही. आयत्या वेळी तोंडं वाढली की नकीबाच्या हातात दोनच उपाय, ओळ तोडायची किंवा देगीत पाणी ओतायचं. दुसरा जास्त वापरला जात असावा, कारण १६व्या शतकातला इतिहासकार मुस्तफा आली यानं इमारेतच्या चोर्बेला भांडी धुतलेल्या पाण्याची उपमा दिली आहे. पाव मातीच्या ढेकळासारखा, हेही त्याचंच म्हणणं. मुस्तफा आली जन्मभर बढतीसाठी झुरलेला आणि सगळ्यांवर चिडलेला माणूस होता, तेव्हा त्याच्या चवीवर किती भरवसा ठेवायचा ते आपण ठरवावं.

दुसरी देग होती लष्कराची, आणि तिचा मान इमारेतच्या देगीपेक्षा कितीतरी मोठा. येनिचेरी म्हणजे 'नवं सैन्य'. सर्बिया, बोस्निया, अल्बेनिया, ग्रीस, बल्गेरिया इथल्या ख्रिस्ती खेड्यांतून ठरावीक घरांमागे एक मुलगा उचलायचा, मुसलमान करायचा, तुर्की शिकवायचा आणि सुलतानाचा गुलाम-शिपाई करायचा, अशी ही देवशिर्मेची पद्धत. त्यातला हुशार पोरगा कुठवर जाई? बोस्नियातल्या एका सर्ब घरातला सोकोलू मेहमेद पाशा १५६५ ते १५७९ अशी चौदा वर्षं वजीर-ए-आझम, म्हणजे मुख्य वजीर, होता. पण मुलाची घरची चूल सुटली ती सुटलीच. बदल्यात नवी चूल मिळे. या सगळ्या सैन्याचं नावच मुळी 'ओजाक', म्हणजे चूल. त्यातल्या एकेका पलटणीला ओर्ता म्हणत, त्यांची संख्या पुढे १९६ वर गेली, आणि ओर्ताच्या सरदाराला म्हणत चोर्बाजी, म्हणजे शोरबा करणारा. मराठी कानाला यात चोरही ऐकू येतो आणि बाजीही, पण हुद्दा मोठा मानाचा. त्याच्या खालोखाल वजन अश्ची उस्ताचं, म्हणजे मुख्य आचाऱ्याचं. हा नुसता स्वयंपाक करत नसे, शिस्तही त्याच्याच हातात. नव्या पोरांना काराकुल्लुकजी म्हणून खरकटी काढण्यापासून सुरुवात करावी लागे.

त्यांच्या पांढऱ्या नमद्याच्या टोपीला पुढून कपाळावर धातूची एक नळी असे. नळीत काय खोचायचं, तर चमचा. आपल्याकडे साहेबाच्या मागे फिरणाऱ्याला चमचा म्हणतात, आणि हा शब्दही तुर्की-फारसीच्या वाटेनंच आपल्याकडे आला. तिकडे तो कपाळावर मिरवायचा. सुलतानाचं अन्न खातो ही लाजेची नाही, ऐटीची गोष्ट. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याकडे जसं, तसा त्यांच्याकडे 'तुझ-एकमेक हक्की', मीठ-भाकरीचा हक्क. खाणाऱ्यावर खाऊ घालणाऱ्याचा हक्क राहतो, एवढंच आपण ध्यानात ठेवतो. येनिचेऱ्यांनी उलटी बाजूही पक्की ध्यानात ठेवली होती, की खायला येणाऱ्याचाही खाऊ घालणाऱ्यावर हक्क असतो.

प्रत्येक ओर्ताची देग पवित्र. लढाईत निशाण गेलं तर नाचक्की, पण देग शत्रूच्या हाती पडली तर सरदारांची हुद्द्यावरून हकालपट्टी. अपराध करून देगीपाशी येऊन बसलेल्याला अभय मिळे. आणि बंड करायचं ठरलं की देग चुलीवरून उतरवायची, मैदानात न्यायची. युरोपियन लेखक 'देग पालथी घातली' असं लिहितात, पण तुर्की वाक्प्रचार 'कझान काल्दिर्माक', देग उचलणे, असा आहे. आजही तुर्कस्तानात बंडाळी करणे या अर्थानं तो सर्रास वापरतात. मला, खरं सांगायचं तर, उचलणंच पटतं. पालथं घालणं हा रागाचा झटका झाला. शेकडो माणसांची जड देग दांड्यावर अडकवून गल्ल्यांतून मैदानापर्यंत न्यायची तर आधी बसून ठरवावं लागतं, खांदेकरी नेमावे लागतात.

इस्तंबूलच्या तोप्कापी राजवाड्याच्या, म्हणजे सुलतानाच्या वाड्याच्या, दुसऱ्या चौकात उजवीकडे मुदपाकखान्याची धुरांडी ओळीनं उभी आहेत. १५७४ च्या आगीनंतर मिमार सिनान या स्थपतीनं तो मुदपाकखाना पुन्हा बांधला. दर तीन महिन्यांनी पगार वाटायच्या दिवशी याच चौकात येनिचेऱ्यांपुढे चोर्बा, पिलाव आणि जर्दे मांडत. इशारा झाला की शिपायांनी धावत सुटायचं आणि झडप घालून वाडगी उचलायची. परदेशी वकिलांना मुद्दाम त्याच दिवशी भेटीला बोलावत, म्हणजे पैशांच्या थैल्या आणि हजारोंची शिस्त दोन्ही त्यांच्या डोळ्यांत भरावी. पण दरबारी मंडळींचं लक्ष वकिलांकडे नसे, ते शिपायांच्या पायांकडे असे. धावले तर ठीक. जागचे हलले नाहीत, चोर्बा थंड होऊ दिली, तर कोणा वजिराचं तरी डोकं मागितलं जाणार.

एवढ्या तोंडांना मटण कुठून आणायचं? बाल्कनमधून मेंढ्यांचे कळप हाकत इस्तंबूलला आणायचे. ते काम सरकार पैसेवाल्यांच्या गळ्यात बांधी, त्यांना 'जेलेप' म्हणत. मटण विकायचं ते मात्र 'नार्ह'नं, म्हणजे काझीनं ठरवून दिलेल्या भावानं. दुष्काळात मेंढी महागली तरी नार्ह लगेच वर जात नसे, आणि मधला खड्डा खाटकाच्या थैलीतून भरावा लागे. म्हणून १६व्या शतकात राजधानीतला खाटीक होण्याची नेमणूक ही चक्क शिक्षा होती. गावोगावचे गब्बर सावकार पकडून 'चला, आता इस्तंबूलला खाटिकखाना चालवा' असं फर्मान निघे. दोन-तीन वर्षांत सावकार धुऊन निघायचा. लोक लाच देत ती नेमणूक मिळवण्यासाठी नव्हे, टाळण्यासाठी.

देवशिर्मे १७व्या शतकात ओसरली. येनिचेऱ्यांनी लग्नं केली, दुकानं टाकली, पोरांची नावं पटावर चढवली. पगाराच्या चिठ्ठीला 'एसामे' म्हणत, तिची बाजारात उघड खरेदी-विक्री होऊ लागली. मेलेल्या शिपायाच्या नावावर कोणी तिसराच पगार उचले. कागदावर सैन्य फुगत गेलं आणि मोहिमेवर निघताना बराकी रिकाम्या. देगी मात्र जागच्या जागी होत्या, आणि १६२२, १७०३, १७३०, १८०७ या बंडांत सुलतान तख्तावरून उतरले.

सुलतान दुसऱ्या महमूदनं १८२६ च्या मे महिन्यात राजधानीतल्या ५१ ओर्तांमधून प्रत्येकी १५० माणसं घेऊन नव्या पद्धतीची कवायती फौज उभी करायचं जाहीर केलं. १४ जूनच्या रात्री देगी पुन्हा एकदा एतमैदानीवर आल्या. एतमैदानी म्हणजे मटणाचं मैदान, बराकींसमोर जिथे मटण वाटत तीच जागा. या वेळी सुलतान तयारीत होता, तोफखाना त्याच्या बाजूला होता आणि मुल्ला-मौलवीही. १५ जूनला बराकींवर तोफा डागल्या, आगी लागल्या, आत किती मेले त्याचा नीट हिशेब लागत नाही. दोन दिवसांत ओजाक बरखास्त झाल्याचं फर्मान निघालं. सरकारी इतिहासात या दिवसाचं नाव 'वाका-इ हैरिये', म्हणजे शुभ घटना.

चोर्बाजी हा हुद्दा गेला, शब्द राहिला. बल्गेरियात तो आधीपासूनच गावातल्या सधन ख्रिस्ती घरमालकाला लावत, ज्याच्या दारी अंमलदार जेवायला उतरत. सर्बांची चोर्बा, रोमानियनांची चोर्ब, बल्गेरियनांची चोर्बा, सगळे आपली म्हणून खातात, आणि ती कोणाची यावर वाद घातला तर जेवण थंड होतं.

जेरुसलेमच्या जुन्या शहरात हुर्रेमच्या नावाचं अन्नछत्र अजून चालू आहे, रमजानात गर्दी फार. तिच्या काळी बहुतेक इमारेतींचा दंडक असा, की बसून खायचं, भांड्यात भरून घरी न्यायचं नाही. आता लोक घरूनच प्लास्टिकचे डबे आणि पातेली घेऊन येतात, पळी त्यात रिकामी होते, आणि झाकण घट्ट लावून जो तो आपापल्या गल्लीला लागतो.