शिंपल्यांच्या टोपलीचं वजन

अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरनं 1873 चा उन्हाळा मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारी बंदरात काढला आणि तिथेच जलरंग मनापासून हाती घेतले. तोवर तो साप्ताहिकांसाठी चित्रं काढायचा, त्यामुळे रेषा पक्की. त्या उन्हाळ्यातलं ‘अ बास्केट ऑफ क्लॅम्स’ ए-4 कागदापेक्षा जरासंच रुंद आहे. दोन पोरं शिंपल्यांची टोपली दोघांत धरून किनाऱ्यावरून चालली आहेत. हे शिंपले म्हणजे आपल्या तिसऱ्यांचे भाऊबंद. चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नक्कल करून शिकायला उत्तम.

कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटनचा घ्या. रेखाटन एचबी पेन्सिलीनं, हलक्या हातानं. खोडरबर फार घासलात तर कागदावरचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा लेप, जातं आणि पुढे रंग तिथे टिपकागदासारखा शोषला जातो.

खरी मेख टोपलीच्या वजनात आहे. जड ओझं दोघांत असलं की दोघंही बाहेरच्या बाजूला कलतात. धरलेला हात ताठ, त्या बाजूचा खांदा खाली, मोकळा हात अंगापासून लांब. कोपर वाकवलंत की टोपली रिकामी वाटते, पोरं जत्रेला निघाल्यासारखी दिसतात. चेहऱ्यांवर वेळ घालवू नका. कष्ट खांद्यांतून दिसतात.

वाळूसाठी रॉ सिएनात (पिवळसर तपकिरी) किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा). बोर्ड थोडा तिरका ठेवून एकाच दमात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, द्या आणि खाली साचलेला थेंब कोरड्या ब्रशनं टिपून घ्या. तो राहिला तर पाणी उलटं चढतं आणि फुलकोबीसारखा डाग पडतो. पावसाळ्यात कागद हाताला गार लागतोय तोवर तो ओलाच समजा.

सदऱ्यांवरच्या उन्हासाठी कागद कोरा सोडा. विखुरलेल्या शिंपल्यांचे ठिपके मात्र पांढऱ्या गुआशनं, म्हणजे अपारदर्शक जलरंगानं, अगदी शेवटी. होमरही या सुरुवातीच्या चित्रांत अपारदर्शक रंग बिनधास्त वापरायचा, तेव्हा शुद्ध जलरंगाचं सोवळं इथे नको. फक्त खालचा थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर गुआश त्यात मिसळून दुधाळ होतं. सावल्या पायाला चिकटलेल्या हव्यात आणि एकाच फटक्यात. दुसऱ्यांदा ब्रश फिरवलात की खालची वाळू उचलून येते आणि सावलीचा चिखल होतो.