पत्त्यावर राहत नाही

मी बिश्केकमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. नागपुरात हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "एमबीबीएसचं कोणतं वर्ष?" किर्गिझस्तान म्हणजे डॉक्टरकी, एवढंच आपल्याकडे माहीत. असो. तिथली शाळा मेच्या शेवटच्या आठवड्यात सुटते ती १ सप्टेंबरला उघडते. एवढी लांबलचक सुट्टी आणि देशाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग डोंगर, तेव्हा उन्हाळ्यात करायचं काय हे वेगळं ठरवावं लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात सोंग-कुल हे डोंगरातलं तळं झालं होतं. यंदा केल-सू गाठायचं होतं, चीनच्या सीमेला खेटून असलेलं तळं. त्याबद्दलच लिहायला बसले होते, पण डोक्यातून अजून ती पीसीसी जात नाही. म्हणून आधी ती.

पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. या माणसावर गुन्हा नाही असं आपल्या सरकारनं लिहून दिलेला कागद. शाळेला नव्या करारासाठी तो हवा होता, वर अपोस्टिलही, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावतात तो सरकारी दाखला. मी हिशेब केला: शाळा सुटली की नागपूर, आईच्या हातचा आमरस, कागद घ्यायचा, जूनच्या मध्यापर्यंत परत. नवतपा लागलेला, पारा ४५ च्या वर, बाबा म्हणाले, "या दिवसांत लोकं नागपूर सोडून पळतात, आणि तू इथं येऊन राहिली?" अर्ज पासपोर्ट सेवेच्या साइटवर होतो, फी ५०० रुपये, अपॉइंटमेंट मिळते, फोटो, ठसे, कागद तपासणी. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले आणि मनात म्हटलं, झालं की!

मग पोलीस पडताळणी आली.

ज्या दुपारी हवालदार घरी आले, त्या दुपारी मी बर्डीच्या बाजारात होते. बाबा अमरावतीला लग्नाला. आई कूलरसमोर झोपलेली, आणि आमच्या कूलरचा आवाज असा की दारात बँड वाजला तरी कळायचं नाही. हवालदारांनी बेल वाजवली, वाट पाहिली, खालच्या मजल्यावर गेले. तिथे आमच्या काकू. त्यांनी विचारलं, ही मुलगी इथे राहते का. काकू सरळ मनाच्या. म्हणाल्या, "नाही हो भाऊ, ते तं बाहेरदेशी असते. तिकडं शिक्षिका आहे." वर माठातलं गार पाणी पाजलं. संध्याकाळी मला कौतुकानं सगळं सांगितलंसुद्धा. मीही हसले, कारण तेव्हा मला कुठे माहीत होतं की अहवाल जाऊन चुकला: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

अर्जावर माझा मोबाइल नंबर ठळक लिहिलेला होता. एक फोन केला असता तर मी रिक्षा करून वीस मिनिटांत पोचले असते. हे मी आजही जेवताना, झोपताना, बिश्केकच्या मार्शरुत्कामध्ये, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, बसल्यावर स्वतःशी बोलत असते.

साइटवर अर्जाची स्थिती बदलली तेव्हा मी ठाण्यात गेले. कुठलं ठाणं ते सांगत नाही. पासपोर्टचं टेबल एका कोपऱ्यात. टेबलावर काच, काचेखाली गजानन महाराजांचा फोटो, कुठल्यातरी वर्षाचं कॅलेंडर आणि एक लग्नपत्रिका. काचेवर पेपरवेट म्हणून चार्जरचा ठोकळा. पंखा फिरायचा तो फक्त त्या ठोकळ्याखालचे कागद फडफडवण्यापुरता. पहिल्यांदा गेले तेव्हा "साहेब बंदोबस्तात." दुसऱ्यांदा "साहेब बंदोबस्तात, पण संध्याकाळी येतात." संध्याकाळी साहेब येऊन गेले होते. नागपुरात कोणी ना कोणी मोठा माणूस येतच असतो, त्यामुळे हा बंदोबस्त संपेल अशी आशा धरू नका. सकाळी हजेरीच्या वेळेला जा, तेव्हा सगळे जागेवर असतात. हे मला बाहेरच्या चहावाल्यानं सांगितलं. आतल्या कोणालाही ते सांगावंसं वाटलं नव्हतं.

शेवटी ते भेटले. संभाषण असं झालं:

"मॅडम, तुमचं तं पाठवून दिलं ना आम्ही."

"हो, पण चुकीचं पाठवलं."

"चुकीचं काहून? राहता का तुम्ही तिथं?"

"मी आत्ता तुमच्यासमोर उभी आहे ना."

"आता उभ्या आहा हो. मी विचारून राहिलो, राहता का?"

यावर काय बोलणार? माझा पासपोर्ट या पत्त्याचा, आधार या पत्त्याचं, मतदार यादीत नाव इथलं, जन्म इथला. नोकरी तिकडे. सुट्टीत घरी आलेल्या माणसाचं राहणं नेमकं कशानं सिद्ध होतं, हे त्यांनाही सांगता येईना. माणूस वाईट नव्हता, हे कबूल करते. पण त्यांचं म्हणणं, एकदा गेलेला अहवाल आम्हाला मागे घेता येत नाही, वरून पुन्हा पडताळणी आली तरच आम्ही येऊ. वर म्हणजे कुठे, तर पासपोर्टवाल्यांकडे. तिथे गेले तर कळलं की पुन्हा पडताळणी पाठवता येते, पण त्यासाठी लेखी खुलासा आणि पुरावे द्या. म्हणजे जो खुलासा मी ठाण्यात तोंडानं देत बसले होते, तोच दुसऱ्या खिडकीवर कागदावर दिला की चालतो. हे आधी कोणी बोललं असतं तर माझा निम्मा जून वाचला असता.

खुलाशात मी काय लिहिलं ते सांगते, कारण बहुतेक त्यानंच काम झालं. कायमचा पत्ता हाच, आई-वडील इथेच राहतात, नोकरीसाठी परदेशी, सध्या शाळेची सुट्टी असल्यानं अमुक तारखेपासून याच पत्त्यावर वास्तव्य. सोबत पासपोर्टवरच्या भारतात आल्याच्या शिक्क्याची झेरॉक्स, शाळेच्या कराराची प्रत, बाबांच्या नावाचं विजेचं बिल, आणि माझ्या जन्मदाखल्यावर बाबांचं नाव असल्यानं तोही. आल्याच्या शिक्क्यावर मी गोल करून बाण काढला होता. खिडकीवरच्या बाईंनी तो पाहून मान हलवली, एवढंच. तुम्ही परदेशातून येऊन अर्ज करणार असाल तर हे पत्र पहिल्याच दिवशी अर्जासोबत द्या, मागितलं नाही तरी द्या. आणि घरात, शेजारी, वॉचमनला, दूधवाल्याला सांगून ठेवा की कोणी विचारलं तर "हो, आलेली आहे, घरीच आहे" एवढंच बोला. पुढचा इतिहास सांगू नका.

मधल्या काळात नारिनहून, म्हणजे केल-सूच्या वाटेवरच्या शहरातून, मेसेज यायला लागले होते. केल-सू सीमावर्ती पट्ट्यात येतं, तिथे जायला परदेशी माणसाला सीमाक्षेत्राचा परवाना लागतो. तो मी मेमध्येच तिथल्या एका टूरवाल्या मुलीकडून करायला टाकला होता, पासपोर्टची प्रत पाठवून. परवान्यावर नाव, पासपोर्ट नंबर आणि तारखा छापलेल्या असतात. तारीख हुकली की नवा अर्ज, नवी वाट. ती मुलगी रोज विचारायची, "तिकीट काढलं का?" मी तिला बंदोबस्त कसा समजावू? केल-सूचा मोसम तसाही छोटा. जूनमध्ये पाण्यावर बर्फ असू शकतो, सप्टेंबरमध्ये यर्टवाले (यर्ट म्हणजे तिथले गोल तंबू) ते आवरून खाली उतरतात आणि माझी शाळा उघडते. म्हणजे उरले जुलै-ऑगस्ट. इकडे नागपुरात नवतपा संपला, पाऊस आला, कूलर बंद झाला, आणि मी अजून साइटवरची ती एक ओळ रिफ्रेश करत बसलेली. आईला आतून बरंच वाटत होतं. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर जमावानं हल्ले केले, तेव्हापासून ती माझ्या जाण्याच्या तारखेबद्दल कधी आपणहून विचारत नाही.

दुसरी पडताळणी रात्री झाली, आम्ही जेवत असताना. या वेळी दुसरे हवालदार, मोबाइलमध्ये ॲप, मला दारात उभं करून फोटो. दोन साक्षीदार हवे होते. एक समोरचे काका आणि दुसऱ्या, अर्थातच, काकू. त्यांनी सही करताना विचारलं, "आता काय सांगायचं, राहते म्हणू का नाही म्हणू?" हवालदार हसले. मी नाही हसले. पाच मिनिटांचं काम होतं. खरंच पाच मिनिटांचं.

पीसीसी हातात आल्यावर मी शिक्का, सही, पासपोर्ट नंबर सगळं वाचून काढलं आणि बाबांना म्हटलं, हे लॅमिनेट करू नका. (बाबा सगळं लॅमिनेट करतात. अपोस्टिलचा स्टिकर कागदाच्या मागे चिकटतो, लॅमिनेट केलेल्या कागदावर नाही.) अपोस्टिल आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय देतं. भारत या हेग करारात २००५ पासून आहे, त्यामुळे करारातल्या देशांत पुन्हा दूतावासाचा शिक्का लागत नाही. नागपुरात एका एजंटनं मला सांगितलं की आधी मुंबईला मंत्रालयात पाठवावं लागेल, त्याचे पैसे वेगळे. डिग्रीचं तसं असतं, आधी राज्याचा शिक्का लागतो, ते मी नोकरी लागताना भोगलेलं आहे. पीसीसी पासपोर्ट कार्यालयाकडूनच आलेली असते, ती थेट जाते. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "हो हो, तसंही होते." दुसरा एजंट पाहिला.

दिल्लीहून थेट तिकीट परवडेना, म्हणून अल्माटीमार्गे गेले. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तिथून बिश्केक गाडीनं काही तासांवर. शाळेत कागद दिला, त्यांनी तो फाइलला लावला, कोणी वाचलाही नाही. संध्याकाळी नारिनच्या शेअर टॅक्सीत होते. परवान्याच्या तारखांतला शेवटचा तुकडा शिल्लक होता.

नारिन ते अत-बाशी रस्ता चांगला. अत-बाशीत रविवारी जनावरांचा बाजार भरतो, घोडे, मेंढ्या, याक. तो गाठायची फार इच्छा होती, पण तारखांपुढे इलाज नव्हता. ताश-रबातही वाटेतूनच पाहिलं, ती जुनी दगडी सराय. आत इतकं गार की नागपुरातला सगळा घाम आठवला. पुढे डांबर संपतं, कोक-किया नदीचं खोरं सुरू होतं आणि चौकी येते. तिथला शिपाई माझ्या शाळेतल्या अकरावीच्या पोरांएवढा. त्यानं परवाना घेतला, पासपोर्ट उघडला, नंबराचा एक-एक आकडा बोटानं जुळवला, मग नाव. मग तारीख. मी श्वास धरून उभी. त्यानं विचारलं, "इंडिया? डॉक्टर?" मी म्हटलं, शिक्षिका. "बिश्केकला राहता?" मी इतक्या जोरात "हो, राहते!" म्हटलं की ड्रायव्हर वळून बघायला लागला.

केल-सू साधारण ३,५०० मीटरवर आहे. यर्टच्या तळापासून तळ्यापर्यंत आठेक किलोमीटर, चालत किंवा घोड्यावर. मी जाताना घोडा घेतला, येताना चालले, कारण उतरताना घोड्यावर बसलं की पोटात गोळा येतो. खिंड वळली की पाणी दिसतं, दोन्ही बाजूंनी सरळ तुटलेले कडे आणि मध्ये हिरवट निळं, आत-आत वळत गेलेलं. पाण्याची पातळी वर्षागणिक कमी-जास्त होते. एखाद्या वर्षी तळं जवळजवळ आटलेलंही सापडतं, तेव्हा जाण्याआधी तिथल्या कोणाला तरी विचारून घ्या. मला भरलेलं मिळालं. छोट्या बोटीतून कड्यांमध्ये नेतात. बोटवाला इंजिन बंद करून पोरांसारखं ओरडायचा आणि प्रतिध्वनी आला की माझ्याकडे बघायचा. मग मीही ओरडले. काय ओरडले ते विचारू नका, त्यात बंदोबस्त हा शब्द होता.

नागपूर समुद्रसपाटीपासून तीनएकशे मीटर, त्यामुळे उंचीचं मनावर घ्या. सोंग-कुल ३,०१६ मीटरवर आहे. आधी तिथे एक-दोन रात्री काढून मग वर गेलात तर डोकं दुखत नाही. मला वेळ नव्हता, रात्रभर डोकं ठणकलं. यर्टमध्ये जाड गाद्या, शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी आणि ऑगस्टातही पहाटे पाणी गोठावं इतकी थंडी. शाकाहारी असाल तर पाव, कायमाक म्हणजे घट्ट साय, जॅम, बोरसोक म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, आणि चहा, यावर राहता येतं. मी ठेचा आणि जवसाची चटणी नेली होती. यर्टवाल्या आजींना ठेचा दिला, त्यांनी चाखून बाटलीभर किमिझ माझ्यासमोर ठेवलं. घोडीचं आंबवलेलं दूध. माझ्याच्यानं एक घोट झाला, त्यांनी मात्र ठेच्याची बाटली ठेवून घेतली.

नारिनच्या पुढे रोख पैशांची सोय धरू नका, सोम, म्हणजे तिथलं चलन, नारिनमध्येच काढून घ्या. आपल्या बँकेचं कार्ड वापरणार असाल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार निघण्याआधी ॲपमधून सुरू करा. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर ते आपण सुरू केल्याशिवाय चालत नाहीत, आणि डोंगरात ओटीपी येत नाही. परवान्याच्या प्रती जास्त काढा, चौकीवर माझी एक ठेवून घेतली आणि परतताना पुन्हा मागितली. पुढच्या करारासाठी पीसीसी मागितली तर मी बिश्केकच्या भारतीय दूतावासात अर्ज करणार आहे, तिथेही तो करता येतो. पडताळणी भारतातूनच होते, त्यामुळे वेळ लागतो, तेव्हा अर्ज मार्चमध्येच टाकेन.