कवचबीज, दूध आणि नव्वद दिवस

बेळगावजवळच्या खानापूरकडे कुंपणावर थंडीत वाळलेली खाजकुयली सगळे लांबूनच बघतात. कन्नडात नसुगुन्नी. तिचं बी म्हणजे कवचबीज. शुक्रधातूसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या दिलं जातं, पण 'आठ दिवसांत फरक वाटला' याला परीक्षा म्हणत नाहीत. शुक्राणू तयार व्हायलाच ७२-७४ दिवस लागतात.

शेंग तोडताना हातमोजे घाला, वारा पाठीमागून येऊ द्या. शेंगेवरची खाजरी लव अंगाला लागलीच तर चोळायचं नाही. चिकट टेप दाबून उपटायची, मग धुवायचं.

बी फडक्यात बांधून दुधात तीन तास मंद आचेवर शिजवा. पुरचुंडी काठीला टांगलेली हवी, बुडाला टेकली की करपते. टरफल आणि आतला अंकुर काढून, खडखडीत वाळवून कुटा. बियांत लेव्होडोपा, म्हणजे कंपवातावर देतात तेच द्रव्य असतं, कच्चं खाल्लं तर मळमळ ठरलेली. कंपवाताची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर नादी लागू नका.

लखनौच्या २००९ च्या अभ्यासात रोज ५ ग्रॅम चूर्ण तीन महिने दिलं आणि शुक्राणू वाढल्याची नोंद झाली. पण तुलनेसाठी औषध नसलेलं खोटं चूर्ण घेणारा गट त्यात नव्हता, म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

वीर्य तपासणी आधी दोनदा करा, कारण एकाच माणसाचा आकडा आठवड्यागणिक हलतो. ९० दिवसांनी पुन्हा, त्याच लॅबमध्ये. दरवेळी नमुन्याआधी संबंधाला तीनच दिवसांची सुट्टी. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून नेलात तर खिशात उबेला ठेवून तासाभरात पोचवा. पहिले थेंब सांडले तर रिपोर्ट बाद समजा, सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची खालची मर्यादा: वीर्य १.४ मिली, दर मिलीला १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यातले हालणारे ४२ टक्के.

मधे सडकून ताप आला तर आकडा दोन-तीन महिने पडलेला राहू शकतो. चूर्ण आणि तंबाखू सोडणं एकाच दिवशी सुरू केलंत तर श्रेय कुणाचं? तंबाखूच्या गावच्या निपाणीकरांनी आधी तंबाखू सोडावी, तीन महिने थांबावं, मग चूर्णाला हात लावावा.

ताठरतेची तक्रार वेगळी. तिथे आधी साखर आणि बीपी बघा. बाजारातली पुडी तासाभरात 'काम' करत असेल तर तिच्यात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळल्याचा संशय घ्या. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्याचं बीपी अशा पुडीने जिवावर बेतेल इतकं कोसळतं.